बाबांची नळी

बाबांना कावीळ झाली तेव्हा रक्तात ए, बी, सी, कुठलाच विषाणू सापडला नव्हता. "चोरून ढोसत असणार," नातलगांनी निकाल लावला. आईलाही ते पटलं. तिने धरलेला अबोला बाबा गेले तरी सुटला नाही. लेक पुढे प्रयोगशाळेत विषाणूंच्याच मागे लागली. अखेर नवा विषाणू हाती लागला, तेव्हा फ्रीजरमध्ये जपलेल्या बाबांच्या रक्ताचा नळीत एकच थेंब उरला होता. "वापरलास की बाबा संपले, पोरी," प्रयोगशाळेतले सर म्हणाले. तिने छातीवर दगड ठेवून नळी रिकामी केली. विषाणू तोच निघाला. तिने आईला फोन लावला. "आई, बाबा पीत नव्हते गं." आईने विचारलं, "त्यांचं रक्त ठेवलंयस ना? मला तिथे ने. बोलायचंय त्यांच्याशी." "आहे ना. उद्या ये," म्हणत तिने रिकामी नळी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली.