पुस्तकातली राजाबाई

"नाव राजाबाई. दुखणं कावीळ. आता अजून काय ऱ्हायलं, लेखकसायेब? रेशनकार्डाचा लंबर बी छापायचा हुता की!"

राजाबाईनं पुस्तक टेबलावर असं आपटलं, की दिपक बनसोडेच्या कपातला अर्धा चहा बशीत आला. सोलापूरच्या नवी पेठेत साडीच्या दुकानावर त्याच्या दोन खोल्या. खाली गिऱ्हाईकांचा कालवा, वर हा.

"अहो बाई, ते नाव बनावट आहे. मी सगळ्यांचीच नावं बदललीत. गोष्टीतल्या बाईच्या घरच्यांनी तिचा मनाचा आजार लपवून गावाला दुसरंच दुखणं सांगितलं होतं, त्याची कावीळ पण मीच केली. कुणी ओळखू नये म्हणून. गावाचं नावसुद्धा दिलं नाही."

"कुकवाचे कारखाने आन रेल्वे टेसन लिवलंय," राजाबाईचा नवरा जोतिराम म्हणाला. "मंग ती काय दिल्ली हाय व्हय? शेंबडं पोरगं बी सांगंल, आमचं केम म्हणून."

"जिची गोष्ट हाय तिला झाकलं," राजाबाई म्हणाली, "आन मला उगडं पाडलं."

अकरा वर्षं दिपक गावोगाव फिरून, मनाच्या आजारातनं उठलेल्या माणसांशी बोलून लिहीत होता. सतरा माणसं, सतरा खोटी नावं. केममध्ये खरोखरची राजाबाई असेल, आणि तिला खरोखरची कावीळ झालेली असेल, हे त्याच्या डोक्यात कशाला येतंय?

आणि वैताग म्हणजे, जिची गोष्ट होती ती बजाबाई आत्ता समोरच बसली होती. राजाबाईची शेजारीण. पदर तोंडाशी धरून, खाली बघत. तिला सोलापुरातली वाट माहीत, म्हणून हीच दोघं तिला बरोबर घेऊन आलेली. सहा महिने ती अंथरुणातनं उठली नव्हती, मग वर्षभर सोलापूरच्या दवाखान्याच्या खेपा. गावाला सांगितलं, मणका. मणका तिचा ठणठणीत होता. छापायच्या आधी दिपकनं तिला सगळं वाचून दाखवलं, तेव्हा तिनं एकच मागितलं होतं. "माजं नाव तेवडं येऊ देऊ नका, दादा."

"हे बगा," जोतिराम खुर्ची पुढं ओढून म्हणाला. "ऋतुजाचं, आमच्या पोरीचं, ठरलंय. उजनीकाठचं पाव्हनं, केळीचं बागाईतदार. नवऱ्या मुलाच्या मामानं तुमचं पुस्तक वाचलं. आई येडी हुती, उद्या पोरगी बी हुईल, म्हंत्यात. आज सांजच्याला बैठक हाय. ती राजाबाई ही न्हवं, आसं कागदावर लिवून द्या. न्हायतर मोडलं म्हणून समजा."

दिपकचं टाळकं सरकलं. "तीनशे पानं मी काय लिहिलंय मग? हा आजार आहे, तुमच्या त्या काविळीसारखाच. यात लाजायचं काही नाही. आणि तुम्ही मलाच म्हणताय, हिला तो नव्हता असा दाखला दे!"

"लाजायचं न्हाय?"

तेवढ्यात दिपकची बायको, धम्मप्रिया, आतनं पाण्याचे पेले घेऊन आली. जोतिरामनं तिच्याकडं हात केला. "मंग दुसरं नाव घालायचंच हुतं, तर वैनींचं घालायचं हुतं की."

धम्मप्रियानं ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

दिपकनं कागद ओढला. या गोष्टीतली राजाबाई म्हणजे केमच्या सौ. राजाबाई नव्हेत. त्यांना असा कोणताही आजार कधीही नव्हता. एकेक अक्षर लिहिताना त्याला स्वतःचाच राग येत होता. "झालं? घ्या."

जोतिरामनं दोनदा वाचला. मान हलवली. "ह्येनं भागत न्हाय. मंग ती कोन, आसं इचारत्याल की. तिचं नाव लिवा."

"ते मी मरेपर्यंत सांगणार नाही."

"आमच्या पोरीचं मोडलं तरी?"

"तरी."

"कोन हाय ती भवानी!" राजाबाई रडकुंडीला आली. "बसली आसंल निवांत घरात. माज्या पोरीचा इस्कोट करून."

बजाबाईनं तोंडावरचा पदर काढला. "माजं लिवा."

"बजाबाई, तुम्ही गप्प बसा!" दिपक ओरडला. आणि ओरडल्यावर त्याला कळलं, शिक्का आपणच मारला.

"आता कशाला गप बसू? मला काय पोरगी न्हाय लग्नाची. लिवा."

दिपकनं पेनाला टोपण लावलं. जोतिरामनं पेन त्याच्या हातातनं हिसकून घेतलं, कागदाच्या तळाला स्वतःच तिचं नाव लिहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. तिच्या तोंडाकडं मात्र एकदाही बघितलं नाही. तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं.

राजाबाई तिच्यापासनं वीतभर सरकून बसली होती. मग एकदम म्हणाली, "मधी एक भित हाय आपल्या, बजे. सा महिनं तू पलीकडं पडून हुतीस. आन मला येका शब्दानं न्हाय सांगितलंस?"

"सांगून तू काय केलं आसतंस?" बजाबाई म्हणाली. "आज केलंस त्येच."

जोतिरामनं कागदाची घडी करून खिशात कोंबली आणि उठला.

"तुमी दोघी या मागनं," तो दारातनं म्हणाला. "मला आता बैठकीला निगायला पायजे."