ठमीचे बेदाणे

ठमीचं बोट खळग्याच्या शेजारी पडलं. बेदाणा होता तिथेच राहिला.

लाकडी फळीवर पाच खळगे, प्रत्येकात एक बेदाणा. रोज सकाळी मावशीने फळी पिंजऱ्याला टेकवायची, ठमीने गजांतून हात काढून पाचही उचलायचे आणि किती सेकंद लागले ते मावशीने वहीत लिहायचं. सहा वर्षं हेच चाललं होतं. प्रयोगशाळेच्या नियमाने माकडिणीला फक्त नंबर होता. पण जिला रोज आपल्या हाताने खाऊ द्यायचा, तिला नंबराने कोण हाक मारतं?

ठमीने पुन्हा हात घातला. पुन्हा शेजारीच. मग तिने मावशीकडे असं पाहिलं, की जणू फळी तिनेच हलवली.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरबाईंनी ठमीला सुई टोचली होती. रोगाने मेलेल्या दुसऱ्या माकडाच्या मेंदूचं पाणी होतं त्यात. हा रोग वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि उठला की मेंदूची चाळण करतो. औषध नाही. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, असं भिंतीवर ठळक लिहिलेलं होतं. मावशीने नकळत त्या सुईला लावायला घेतलं आणि ती हातमोज्यातून अंगठ्यात शिरली. नोकरीला लागून पंधराच दिवस झालेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिने मोजा बदलला आणि तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हापासून डॉक्टरबाई यायच्या आत ती स्वतःही फळीसमोर बसायची. पाच बेदाणे, एक घड्याळ. ठमीच्या आकड्याखाली पेन्सिलने आपला आकडा. हल्ली तो वाढत होता. "आई, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घे गं," लेक म्हणायची, आणि ते ऐकून मावशीला फार बरं वाटायचं.

डॉक्टरबाई आल्या. "दोनदा चुकली," मावशीने सांगितलं.

बाईंनी स्वतः फळी धरून पाहिली. ठमी तिसऱ्यांदा चुकली. बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग त्यांनाच त्याची लाज वाटली.

"सहा वर्षांनी, मावशी. बिचारी."

एरवी मावशी आकडा वाचून दाखवायची आणि बाई तो कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. आज बाईंनी हात पुढे केला. "वहीच द्या इकडे. मागचं सगळं बघायला हवं."

नाही म्हणायला मावशीला कारण सुचेना. सहा वर्षांत ती इतकी कधीच घाबरली नव्हती. तिने वही दिली.

बाई उभ्याउभ्याच पानं उलटत गेल्या. "ठमी कालपर्यंत अगदी ठणठणीत होती." मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं. "ही पेन्सिलची ओळ कुठल्या माकडाची? याला तर ठमीच्या दोन महिने आधीच सुरुवात झालीये. मला सांगितलं का नाहीत?"

फळीवर पाचही बेदाणे तसेच होते. मावशीने एक उचलायला हात नेला, मधेच मागे घेतला आणि एप्रनच्या खिशात घालून मूठ मिटली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय हो, बाई," ती म्हणाली.