डॉर्कसचा दाखला

नऊ वर्षांखालच्या मुलांना सूतगिरणीत घ्यायचं नाही, असा कायदा आला तेव्हा इंग्लंडमधल्या ऑल्डहॅमची हेस्टर सात वर्षांची होती. आईने तिला तापाने गेलेल्या थोरल्या बहिणीचे, डॉर्कसचे, लाकडी तळाचे बूट दिले आणि वयाचा पुरावा म्हणून तिचाच बाप्तिस्म्याचा दाखला दिला.

"विचारलं तर डॉर्कस सांगायचं. चुकलीस तर घरात लापशी शिजणार नाही, कळलं ना?"

हेस्टर दोन वर्षं चुकली नाही.

"डॉर्कस, मेलीस की काय गं?" मुकादम पट्टा उगारून ओरडायचा.

"नाही साहेब," ती म्हणायची.

नऊ पूर्ण झाली त्या पहाटे तिने विचारलं, "आई, आजपासून माझ्या नावानं जाऊ?"



"नाही गं," सहा वर्षांच्या धाकट्या नेलीच्या पायात बूट चढवत आई म्हणाली, "आजपासून हेस्टर ही आहे."