चॉकलेटी रंग

हॉस्पिटलच्या सांडपाण्याच्या टाकीवर मी बावीस वर्षं काढली. पाणी चॉकलेटी दिसलं, की समजायचं, घाण खाणारे जंतू मजेत आहेत.

त्या दिवशी लॅबच्या मॅडमनी आत बोलावलं. माझ्या बायकोच्या, अनसूयेच्या यकृतातून काढलेला तुकडा पडद्यावर मोठा करून दाखवला. सगळीकडे तोच चॉकलेटी रंग!

मला कोण आनंद झाला. अनसूया काचेबाहेर बाकावर बसली होती. तिला मी हातानंच खुणावलं, सगळं छान आहे.

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “हा रंग आम्ही लावतो. कॅन्सर असेल तिथेच तो चढतो.”

बऱ्याच वेळानं मी वळून पाहिलं. महिनाभर अन्नाला न शिवलेली अनसूया पिशवीतला डबा उघडून भराभरा जेवत होती.