इकडचं टोक

हाही चेंडू धुक्यातून परत आला.

क्लॅन्सी होमने मारलेली किक वर गेली ती गेलीच. मैदानाच्या मध्यापासून पुढे सगळं पांढरं होतं. चेंडू त्यात शिरला, पण खाली पडल्याचा आवाज आला नाही. जरा वेळाने तो पलीकडून उडत आला आणि क्लॅन्सीच्या हातांत अलगद विसावला.

मर्व्ह ट्रेगेन्झा स्टॉपवॉच थांबवायला विसरला. अमेरिकन फुटबॉलच्या संघांना उंच किक मारणारी माणसं लागतात. चेंडू जितका जास्त वेळ हवेत, तितका माणूस मोलाचा. अशी माणसं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर सापडतात. ती हेरून तिकडे पाठवणं हेच मर्व्हचं काम होतं. या हंगामात त्याला एकही सापडला नव्हता. क्लॅन्सी हातचा गेला, तर मर्व्हला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

"पलीकडे कोण आहे?" त्याने विचारलं.

"आमच्या गावचीच माणसं," क्लॅन्सी म्हणाला. "किक-टू-किक चाललंय."

हे मर्व्हला समजावून सांगायची गरज नव्हती. दोन टोकांना माणसं आणि मध्ये चेंडू. ज्याच्या हाती येईल त्याने परत मारायचा. सामना संपला की बापलेक, शेजारीपाजारी अंधार पडेपर्यंत हेच करत राहतात. चेंडू हातात घेऊन कोणी उभा राहिला, तर लहान पोरंसुद्धा त्याला शिव्या घालतात.

पण वेराब्रूक गावात आता माणसं होती कुठे? येताना मर्व्हला शाळा बंद दिसली होती, दुकान बंद दिसलं होतं. क्लबच्या दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. मैदानाच्या कडेला एकच गाडी उभी होती, क्लॅन्सीच्या आईची, नोरीनची. मागच्या सीटवर बॅगा होत्या आणि इंजिन चालू होतं.

नोरीनने काच खाली करून चहाचा कप बाहेर धरला. "घ्या मर्व्ह. आणि आटपा लवकर. मे महिन्यापासून बॅगा भरून ठेवल्यात मी."

"मग मे महिन्यातच पाठवायचं की त्याला! माझा फोनसुद्धा उचलत नव्हता."

"मे म्हणजे इथे धुक्याचे दिवस. धुकं पडलं की त्याला इथे यावंच लागतं. एकदा आला नाही, तर चेंडू आमच्या घराच्या पत्र्यावर पडायला लागला."

मर्व्ह हसला. नोरीन हसली नाही.

पुन्हा चेंडू आला. या वेळी मर्व्हने तो नीट पाहिला आणि कप त्याच्या ओठांशीच थांबला. लांबट चेंडू टोकावर टोक घेत उलटा फिरत होता. जमिनीवर टाकून, उसळी घेताना मारलेला चेंडूच असा फिरतो. मर्व्हने ही किक लहानपणी आजोबांच्या पायात पाहिली होती. ती बेभरवशाची म्हणून खेळातून गेली, तेव्हा क्लॅन्सीची आईसुद्धा जन्मली नसावी.

"कोण म्हातारा आहे रे तिकडे?"

"एकच नाही."

"मग हाक मार की एखाद्याला."

"बोलत नाहीत ते. नुसते मारतात."

मर्व्हच्या मानेवर काटा आला. थंडीचा असावा. "हे बघ दोस्ता," तो म्हणाला, "विमान संध्याकाळचं आहे. आज नाही आलास, तर तिकडचे लोक दुसरा शोधतील. येणार आहेस की नाही?"

"यायचंय हो." क्लॅन्सीचा आवाज चिरकला. "रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण असं मध्येच सोडून कसं येऊ?"

"अरे, चेंडूच पाहिजेत ना? अमेरिकेत पोतंभर देतील तुला!"

क्लॅन्सीने किक मारली. आतापर्यंतची सगळ्यांत उंच. मर्व्ह पुढे सरकला आणि मान वर करून पाहत राहिला. चेंडू परत आला, तो सरळ त्या दोघांच्या रोखाने. क्लॅन्सीने हात वर केले नाहीत. तो एक पाऊल बाजूला झाला.

चेंडू मर्व्हच्या छातीवर आदळला. बर्फासारखा गार होता. तो क्लॅन्सीकडे द्यायला हवा होता, पण हाती आलेला चेंडू परत मारायचा, हे मर्व्ह चालायला लागला तेव्हापासून शिकला होता. कप कधी खाली पडला ते त्याला कळलं नाही. त्याने मारला. त्याचा जुना निकामी गुडघा दुखला नाही. किक अशी उठली, जशी तरुणपणीही कधी उठली नव्हती.

नोरीनने हॉर्न वाजवला. गोल झाला की कडेच्या गाड्यांतले लोक असाच वाजवतात. मर्व्हला लाजल्यासारखं झालं.

मग पलीकडून, धुक्यातून, हॉर्न वाजले. पुष्कळ होते. जुने, घोगरे.

मर्व्ह वळला. क्लॅन्सी गाडीत बसला होता.

"ए, थांब! मीही येतो!" तो गाडीकडे निघाला. डोक्यावर हवा चिरल्याचा आवाज झाला. त्याला समजायच्या आत त्याचे पाय मागे वळले होते, हात वर गेले होते आणि चेंडू हातात होता.

"माफ करा, मर्व्ह," खिडकीतून क्लॅन्सी म्हणाला. त्याचा चेहरा ओला होता. "इकडचं टोक रिकामं ठेवता येत नाही."

"काय वेड लागलंय का? मी एकच तर मारली!"

नोरीनने गाडी पुढे काढली. काच वर जाता जाता क्लॅन्सी म्हणाला, "मीही एकच मारली होती."