सुनेची चौकशी

मुलाने, माणिकने, पश्चिम जर्मनीत तिथल्याच मुलीशी लग्न केलं, हे मार्तंडरावांनी मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको कुंदा होती तोवर तिलाही बजावून ठेवलं होतं. आता सुनेच्या व्हिसासाठी हवालदार चौकशीला आला.

"काका, सुनेला शेजारी कुणी ओळखतं का?"

"नाही हो. तेवढं शेजारी नका विचारू."

"विचारावं लागतं," म्हणत त्याने समोरची बेल दाबली. मार्तंडराव दाराआड सरकले.

"यांची सून ना? ठाऊक आहे की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा कुंदावहिनी घरोघरी पेढे देऊन गेल्या. एवढंच म्हणाल्या, ह्यांच्यासमोर विषय काढू नका, ह्यांना लाज वाटते."