रिकामा पाट

पितृपक्षात, म्हाळाच्या दिवशी माझ्या आईसाठी कौलांवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवेना. शेवटी माझ्या बायकोनं, सावित्रीनं, ते खाली आणून खाल्लं.

"जलमभर सासूक मी वाढलंय," ती हसत म्हणाली, "आज तिचा पान मी खातंय."

तेव्हापासून ती दोन माणसांचं जेवते आणि सुकत चालली आहे.

कुडाळच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. "पोटात अन्नाचा रस होतो, तो आतड्यांतून रक्तात जातो. यांची आतडी चांगली आहेत. तरी अन्न अंगी लागत नाही. असंच चाललं तर त्या वाचणार नाहीत."

आज दुपारी मी तिला पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. ताट पुसून खाल्ल्यावर तिनं विचारलं, "अवो, खाल्लेला जाता खंय?"

मी तिच्या पोटाला कान लावला. आत काहीच हलत नव्हतं.

मग गुडगुड ऐकू आली, भरलेल्या पोटात होते तशी. ती सावित्रीच्या शेजारच्या, आई बसायची त्या रिकाम्या पाटावरून येत होती.

मी पेजेचं भांडं झाकलं. "आता पुरे गो आये."

गुडगुड थांबली. आणि सावित्रीचा गाल माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू आत जाऊ लागला.